आबांची गोळी आणि पित्ताची पिशवी

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मेंढराला औषध पाजतात ते बघण्यासारखं असतं. मान बगलेत, एक बोट जबड्याच्या कडेला, आणि मेंढराला काही कळायच्या आत औषध नरड्याखाली गेलेलं असतं. कोणत्या मेंढीचं खूर सुजलंय, कोणती चारा टाकून देते, हे त्यांना लांबून नुसत्या चालीवरून कळतं. अख्ख्या कळपाचं दुखणंखुपणं तोंडपाठ असलेला हा माणूस स्वतः औषध घ्यायची वेळ आली की ओठ असे घट्ट मिटतो की तिथं कोणाचंच बोट चालत नाही.

आमचं गाव नांदूरघाटाच्या अलीकडं, माळाला लागून. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन आणि लांबलचक भावकी, एवढी आमची इस्टेट. मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन बीडला आले आणि रोज चौसाळ्याच्या शाळेत शिकवायला जाते. पोरांवर ओरडून ओरडून हिचा आवाज वाढलाय असं माझा नवरा म्हणतो. आबांना ते मान्य नाही. ते म्हणतात, "आवाज आदीपासूनच हाय. शाळेला उगं नाव ठिवू नका."

ही बीपीची भानगड सुरू झाली गुडघ्यापासून. गुडघा दुखतो म्हणून मी आबांना बीडला बोलावून घेतलं आणि डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी गुडघ्याकडं बघायच्या आधी दंडाला पट्टा बांधला. फुगवला, सोडला, आकडा बघितला, आणि काही न बोलता पट्टा काढून दुसऱ्या दंडाला बांधला. मी तेव्हाच घाबरले. आबा मात्र खुशीत होते. दोन्ही हातांना सारखा मान मिळाला, एवढंच त्यांना कळलं होतं.

घाबरायला मला कारण होतं. आबांच्या थोरल्या भावालाही, म्हणजे मोठ्या आबांनाही, बीपी होतं, पण ते कोणी कधी मोजलंच नव्हतं. एके सकाळी पटका बांधता बांधता ते खाली बसले, ते पुन्हा आपल्या पायावर उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मरेपर्यंत ते बाजेवरून नुसते डोळे फिरवायचे. आबा रोज त्यांच्याजवळ जाऊन बसायचे आणि मेंढरांच्या गोष्टी सांगायचे. उत्तर येत नसतानाही थांबून उत्तराची वाट बघायचे. हे मी बघितलेलं आहे.

"आबा, रोज एक गोळी घ्यावी लागंल," मी दवाखान्याबाहेर सांगितलं.

"कावून? मला कुटं काय दुकतंय? दुकतोय तो गुडघा. त्याला दिली का गोळी?"

"बीपी दुखत नसतं, आबा. मोठ्या आबांचं तरी कुठं दुखत होतं?"

ते रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले. मग म्हणाले, "डाक्टर म्हणतो म्हणून न्हाई घेत. तू म्हणतीस म्हणून घेतो. ध्येनात ठिव."

मी ध्यानात ठेवलं. ठेवलं कसलं, मिरवलं. माझ्या बापानं जन्मात पहिल्यांदा गोळी घेतली ती माझ्या शब्दावर, हे मी शाळेत, शेजारीपाजारी आणि नवऱ्याला तर वरचेवर सांगितलं.

आता त्या गोळीत एक गंमत होती. बीपी उतरवायच्या औषधाबरोबर लघवी वाढवणारं औषधही तिच्यात मिसळलेलं होतं. आबा सकाळी गोळी घ्यायचे आणि मेंढरं घेऊन माळावर जायचे. मग व्हायचं असं की मेंढरं पुढं, आबा बाभळीमागं. जरा चालले की पुन्हा दुसऱ्या बाभळीमागं. कुत्रं बिचारं गोंधळायचं, कळपामागं जावं की धन्याजवळ थांबावं. "माळावर आता एक बी बाभळ कोरडी न्हाई," असं आबा फोनवर सांगायचे आणि मागून आईचं हसणं ऐकू यायचं. पण गोळी चुकवत नव्हते. पुढच्या वेळी पट्टा एकदाच बांधून डॉक्टरांचं समाधान झालं.

गावात याची चर्चा झालीच. आमच्या भावकीत एक तात्या आहेत. कोणाच्या घरी काय शिजतंय हे चुलीवरचं उतरायच्या आत त्यांना माहीत असतं. मी गावी गेले की ते कट्ट्यावरून हाक मारून विचारायचे, "काय मास्तरीणबाई, आज बापाला काय चारलं?" त्यांच्या मते धडधाकट माणसाला रोज गोळी देणं म्हणजे चालत्या गाडीला खीळ घालणं. मी हसण्यावारी न्यायचे. आबाही हसायचे. निदान मला तसं वाटायचं.

पुढं दोन-तीन पावसाळे असेच गेले. मग आबांच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. जेवल्यावर दुखायचं, पाठीत जायचं, कधी खांद्यात निघायचं. मेंढरं कातरताना कूस भरली असेल म्हणून आईनं तेल चोळलं. गॅस असेल म्हणून ओवा दिला. नजर असेल म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. आबांचा सगळ्या उपायांवर सारखाच विश्वास असल्यामुळं प्रत्येकानं थोडा थोडा फरक पडला. मग एका लग्नातून परत आल्यावर ते दुखण्यानं जमिनीवर लोळले, तेव्हा आईनं मला फोन केला.

सोनोग्राफीत दिसलं ते असं, पित्ताशयात खडे आहेत आणि पिशवीला जराशी सूजही आहे. डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून समजावत होते. आबा पडद्याकडं न बघता डॉक्टरांकडं बघत होते. नवीन माणूस मेंढराला हात लावतो तेव्हा ते असंच त्याच्याकडं बघतात.

"पण हे झालं कशानं?" मी विचारलं. मास्तरणीची खोड. कारण कळल्याशिवाय धडा पुढं सरकत नाही.

डॉक्टर म्हणाले, कारणं पुष्कळ असतात. वय असतं, खाण्याच्या सवयी असतात, घराण्यातही असतं. मग हातातली जुनी चिठ्ठी बघून जरा थांबले. "यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारा जो भाग आहे ना, त्यानं काही जणांना पित्ताशयाचा त्रास होऊ शकतो असं म्हणतात. यांना त्यानंच झालंय असं मी छातीठोक सांगू शकत नाही. नसेलही. पण आपण गोळी बदलून टाकू. ही दुसऱ्या प्रकारची देतो. एक मात्र नीट ऐका, गोळी बंद करायची नाही. बीपी ताब्यात असलं तरच पिशवीचं ऑपरेशन करता येईल. तोवर तेलकट, तुपकट, मटण, सगळं बंद."

मी हे सगळं ऐकलं. आबांनी त्यातलं "गोळीत" आणि "पित्ताशय" एवढंच ऐकलं. आई दाराशी बसली होती, तिनं फक्त "मटण बंद" ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

आम्ही त्यांना गावी सोडायला निघालो. माझा नवरा गाडी चालवत होता. मी नवी गोळी कशी घ्यायची ते आईला समजावून सांगत होते. मध्येच आबा म्हणाले, "डाक्टरला पिशवीतलं काय कळत न्हाई."

"मग कोणाला कळतं?"

"म्या जलमभर मेंढरं फाडून बगितलीत. धड खाल्लेल्या मेंढराची पित्ताची पिशवी चपटी असती. उपाशी मेंढराची फुगून टम्म व्हती. आन ह्यो मला उपाशी ठिवतो, आन वर म्हणतो, पिशवी फुगली."

"आबा, तुम्ही मेंढरू नाहीत."

"पिशवी तीच हाय की."

नवऱ्याला हसू आवरेना. तो आरशातून माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं डोळे वटारून बघत होते. खरं सांगायचं तर मलाही हसू येत होतं. आबांचं चुकीचं असलं तरी ते इतकं ठाम असतं की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. त्यांना घरी सोडलं, गोळ्या भिंतीतल्या देवळीत ठेवल्या, आईला चार वेळा बजावलं, आणि आम्ही बीडला परत आलो.

पुढं काय घडलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं.

तात्यांनी नातवासाठी पिराला कंदुरी बोलली होती. कंदुरी म्हणजे नवसाचा बकरा. आमच्याकडं हिंदू काय नि मुसलमान काय, पिराला सगळेच बोलतात. दर्ग्याजवळच्या माळावर बकरा कापायचा, तिथंच चुली मांडायच्या, आणि आवतण दिलेल्या गावानं तिथंच पंगतीला बसायचं. रश्शावर बोटभर तवंग असतो आणि वाढणारा 'बास' हा शब्द ऐकूनच घेत नाही. कंदुरीला बोलावून न जाणं म्हणजे भांडण काढणं. आणि बकरा सोलायला, नीट फाडायला आबांशिवाय गावात दुसरा माणूस नाही. त्यामुळं आबा गेले हे मला समजतं. नुसते गेले असते तर मी बोललेही नसते.

पण आबांनी तिथं उपचार करायचं ठरवलं होतं. उपाशीपणानं फुगलेली पिशवी भरपेट खाऊन चपटी करायची, हा तो उपचार. आईनं हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि म्हणाले, "औषद म्हणून खातोय." मग औषध असल्यासारखंच, न बोलता, मन लावून, पत्रावळ भरून भरून खाल्लं. लोकांनी कौतुक केलं. आजारी म्हातारा असा जेवतो म्हणजे आजार खोटाच, असं ठरलं.

गंमत अशी की आबांचं अर्धं बरोबर होतं. डॉक्टरांनीच नंतर मला सांगितलं. चरबीचं खाल्लं की पिशवी खरंच आवळते, आतलं पित्त बाहेर ढकलते. फक्त मेंढरांच्या पिशव्यांत आबांनी खडे बघितलेले नव्हते. यांची पिशवी आवळली आणि एक खडा तिच्या तोंडाशी जाऊन रुतून बसला.

संध्याकाळ व्हायच्या आत आईचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती "ये गं, ये गं" म्हणत होती. मागून आबांचा आवाज येत होता. आबांचा तसला आवाज मी कधीच ऐकला नव्हता. आम्ही निघालो, तर निम्म्या वाटेवर गावातली जीप समोरून आली. तिच्यात आबा होते, आई होती आणि आबांचं डोकं मांडीवर घेऊन तात्या बसले होते. पहिल्यांदाच त्यांच्याकडं सांगायला काही बातमी नव्हती.

बीडच्या दवाखान्यात घेतलं. अंगात ताप, पोटाला हात लावू देत नव्हते. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, सोडला, आणि पहिल्या दिवसासारखाच काही न बोलता दुसऱ्या दंडाला बांधला. या वेळी आबाही खूश झाले नाहीत.

"बीपीची नवी गोळी चालू होती ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय," आबा म्हणाले.

"कशाची व्हय!" आई एकदम म्हणाली. "एक बी घेतली न्हाई. जशी आणली तशी देवळीत हायेत."

माझा तोल गेला. दवाखाना आहे, शेजारी पेशंट आहेत, बाप वेदनेनं वाकडा झालाय, काही काही मनात आलं नाही. "आबा, तुम्हाला मोठ्या आबांसारखं बाजेवर पडायचंय का? कोणाला शिक्षा करताय तुम्ही? मला का आईला?" माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असणार, कारण जिन्यातून एक माणूस वाकून बघून गेला. आबांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन परिस्थिती सांगितली. पिशवीची सूज खूप वाढलीय. सलाईनमधून औषध चालू केलंय, पण पिशवी काढावीच लागणार. आणि एवढ्या बीपीवर भुलीचे डॉक्टर भूल द्यायला तयार नाहीत, कारण टेबलावरच काही होऊ शकतं. आधी बीपी उतरायला पाहिजे. त्यात वेळ गेला तर पिशवी आतल्या आत फुटू शकते.

ते शेवटचं वाक्य मी आत येऊन आबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळे उघडले. मेंढरू सोलताना सगळ्यांना गप्प करून, श्वास धरून, दोन बोटांनी ती हिरवी पिशवी अलगद सोडवताना मी त्यांना लहानपणापासून बघत आले आहे. ती फुटली तर अख्खं मटण कडू होतं, धुऊनही जात नाही. डॉक्टरांचं एवढं एकच बोलणं त्यांना मनापासून पटलं.

"मंग काडा लौकर," ते म्हणाले.

"काढायची तर बीपी उतरलं पाहिजे. त्यासाठी गोळी घ्यायला पाहिजे." मी गोळी तळहातावर घेतली, पेल्यात घोटभर पाणी घेतलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

आबांनी गोळीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि तोंड फिरवून कोपऱ्यातल्या सिस्टरला म्हणाले, "बाई, तुमी द्या. हिच्या हातनं नगं."

मला वाटलं, ग्लानीत बोलत असतील. सकाळी पुन्हा मी गोळी पुढं केली, पुन्हा तेच. "सिस्टरला बोलाव." दुपारी मी म्हणाले, "का हो आबा, माझ्या हाताला काटे आलेत का?" त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. सिस्टर आली की ते लहान मुलासारखं तोंड उघडायचे. तिच्या हातातून वाट्टेल ते घ्यायचे. मी पाणी दिलं तर प्यायचे, मी पाय दाबले तर दाबून घ्यायचे, मी केस विंचरले तरी चालायचे. फक्त गोळी माझ्या हातून नको.

मी जिन्यात जाऊन रडले. रागानं रडले आणि दुःखानंही. तू म्हणतीस म्हणून घेतो, असं म्हणणारा माझा बाप. त्याला आता वाटत होतं की मीच त्याला घातक असं काहीतरी खायला घातलं. आणि नेमकं मला त्याला 'तसं नाही' असं ठासून सांगता येत नव्हतं, कारण डॉक्टरांनीही तसं सांगितलं नव्हतं. ते म्हणाले होते, असेल किंवा नसेल. 'असेल किंवा नसेल' हे फार वाईट असतं. त्याला धरून भांडताही येत नाही आणि झोपताही येत नाही. नवरा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "कोणाच्याही हातानं घेतात ना? घेऊ देत." त्याचं म्हणणं शहाणपणाचं होतं, म्हणून मला त्याचाही राग आला.

पण बीपी उतरायला लागलं. रोज पट्टा बांधला की आम्ही सगळे आकड्याकडं बघायचो, आणि आकडा थोडा थोडा खाली यायचा. तापही उतरला. भुलीचे डॉक्टर येऊन गेले आणि जाताना मान हलवून गेले. ऑपरेशनच्या दिवशी आबांना हिरवा झगा घातला, तेव्हा त्यांना त्याची लाज वाटली, कारण तो पाठीमागून उघडा होता. आईनं नारायणगडाच्या दिशेला हात जोडले. दिशा चुकली होती, पण मी काही बोलले नाही.

स्ट्रेचर आत नेताना आबांनी माझं मनगट धरलं. काहीतरी बोलतील असं वाटलं. ते म्हणाले, "मेंढरास्नी पाणी पाजलं का इचार."

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पिशवी फुटायच्या आत निघाली. डॉक्टरांनी बाहेर येऊन आम्हाला खडे दाखवले. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही हरभऱ्याएवढे. आबा शुद्धीवर आल्यावर त्यांनाही दाखवले. त्यांना खड्यांत रस नव्हता. "पिशवी कुटंय? कुटं नख तर लागलं न्हाई ना?" त्यांनी विचारलं. पिशवी तपासायला पाठवली म्हटल्यावर त्यांचा जरा हिरमोड झाला. जाणकारानं बघायला पाहिजे होती, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. पिशवी गेली, पण बीपी आहेच. नवी गोळी रोज चालू ठेवायची. मी मान हलवत होते आणि मनात हिशेब करत होते, गावात सिस्टर कुठून आणायची?

गाडी बीडच्या बाहेर पडली तेव्हा मला राहवलं नाही. आई पुढं बसली होती, मी आबांना टेकू देऊन मागं. मी विचारलं, "आबा, एक सांगा. माझ्या हातची गोळी तुम्हाला एवढी विषासारखी का झाली?"

त्यांनी आधी खिडकीतून बघितलं. ते कळप दिसला की बघतात तसं बघत राहिले, पण बाहेर कळप नव्हता.

"डाक्टरचं बोलणं गावात फुटलं, लोकं बोलायलते," ते म्हणाले. "लेकीनं गोळ्या चारल्या आन बापाच्या पोटात खडे केले. कट्ट्यावर बोलले, पाणवठ्यावर बोलले. म्या म्हणलं, गोळी सोडतो, भरपेट खाऊन पिशवी रिकामी करतो. आपसूक बरा झालो की समद्यांची तोंडं बंद व्हतील. डाक्टर बी नगं आन आपरेशन बी नगं."

"आणि दवाखान्यात?"

"तितं जीवाचंच काम व्हतं, माय. वाचतो का न्हाई, कुणाला ठावं? तुज्या हातची गोळी शेवटची ठरली असती, तर ह्या भावकीनं तुला जलमभर माहेराला पाय ठिवू दिला नसता. तुला रडायला बी जागा ठिवली नसती. सिस्टरला कोण काय म्हणतंय? ती गावची थोडीच हाय."

 माझा तो सुप्रसिद्ध आवाज कुठं गेला कोणास ठाऊक. पुढं आईनं पदर तोंडाला लावला होता. नवऱ्यानं गाडी उगाच हळू केली. मी आबांच्या खांद्यावर डोकं ठेवलं, त्यांच्या टाक्यांना धक्का लागणार नाही अशा बेतानं, आणि गावापर्यंत तशीच रडत आले. त्यांच्या मनात माझ्याविषयी संशय होता असं समजून मी इतके दिवस कुढत होते. आणि हा माणूस मरणाच्या दारात पडून माझ्या माहेराची काळजी करत होता.

घरी पोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. आजारी माणूस परत आला की आमच्याकडं अख्खी भावकी बघायला येते. घोंगड्या अंथरल्या होत्या, चहा उकळत होता. तात्या पुढं बसले होते. कंदुरीच्या दिवसापासून ते जरा कमीच बोलत होते, पण आबा टेकून बसताच त्यांनी विचारलंच, "मंग काय रं, आता तरी त्या गोळ्या सुटल्या का न्हाई?"

सगळे आबांकडं बघायला लागले. मी दारात उभी होते. आईनं माझ्या दंडाला हात लावला.

आबांनी टोपी नीट केली. मग एवढ्या मोठ्यानं हाक मारली की गोठ्यातलं कुत्रं उठून उभं राहिलं.

"माय! माजी गोळी आण गं. तुज्या हातानंच दे."

मी आत गेले. देवळीतून गोळी काढली. तांब्या भरून आणला, त्यांच्यासमोर बसले आणि गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती सगळ्यांना दिसेल अशी जिभेवर ठेवली, माझ्या हातातून तांब्या घेतला, आणि अख्ख्या भावकीसमोर मुद्दाम सावकाश पाणी प्यायले.